दिवाणसाहेबांचं धड

"मावशी, इकडं या. दिवाणसाहेब वारले."

हातातलं फडकं तसंच धरून मी मॅडमच्या टेबलाशी गेले. "वारले? त्यांना जाऊन शंभर वर्षं झाली की."

"परत वारले. या महिन्यात तिसऱ्यांदा."

संगणकावर खरोखरच दिवाणसाहेब बसले होते. तीच नक्षीची खुर्ची, तोच जरीचा शेला, काठीवर टेकवलेला तोच हात आणि पायाखाली तोच पेंढा भरलेला वाघ. फक्त गळ्याच्या वर दिवाणसाहेब नव्हते. तिथं म्हसोबा गल्लीतला सौदागर मेटकरी होता. वर मोठ्या अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल: समस्त मित्रपरिवार'. सौदागरनं जन्मभर शेळ्यांचा व्यापार केला. त्याला खुर्चीत बसलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि वाघ तर त्याच्या शेळ्यांनीसुद्धा पाहिला नसेल.

"ओळखीचा आहे का?" मॅडमनी विचारलं.

"ओळखीचा म्हणजे? त्याच्या तेराव्याला जेवून आले की मी. बुंदी कच्ची होती."

मॅडमनी डोक्याला हात लावला.

आमचं संग्रहालय करवडी संस्थानच्या जुन्या पागेत भरवलेलं आहे. हवा दमट झाली की अजून लिदीचा वास येतो. मी तिथं झाडलोटही करायची आणि राखणही. रुबिना तांबोळी मॅडम तिथल्या अभिरक्षक. पुण्यातली कायमची नोकरी सोडून त्या आमच्याकडं कंत्राटावर आल्या होत्या, आणि त्याबद्दल घरच्यांचे टोमणे रोज फोनवर घेत होत्या. आल्या आल्या त्यांनी संस्थानच्या जुन्या काचेच्या निगेटिव्ह धुंडाळून काढल्या, एकेक साफ केली, आणि सगळी चित्रं इंटरनेटवर टाकून दिली. कुणीही घ्या, छापा, भिंतीवर लावा. परवानगी नको. संग्रहालयाचं नाव लिहा, एवढीच विनंती.

समितीचे अध्यक्ष आबासाहेब रणनवरे हे त्या दिवाणसाहेबांचे पणतू. त्यांनी चित्रं मोकळी करायच्या कागदावर सही केली त्या दिवशी वीज गेली होती आणि त्यांना घरी जायची घाई होती. पुढं पुण्याच्या क्लबात त्यांना कुणीतरी म्हणालं, "काय रणनवरे, पूर्वज फुकटात वाटताय म्हणे!" तेव्हापासून ते धुमसत होते. शेवटी त्यांनी मॅडमना सांगितलं, की येत्या सोमवारच्या बैठकीत दाखवा, या चित्रांचा कुणी काय उपयोग केला. धड काही दाखवता आलं नाही तर चित्रं परत कुलपात, आणि तुमचं कंत्राटही तिथंच संपलं.

म्हणून मॅडम शोधाला लागल्या होत्या. आपलं चित्र संगणकाला दाखवायचं. तो जगभर हिंडून येतो आणि तसलं चित्र आणखी कुठं आहे ते सांगतो. मॅडमना वाटलं होतं विद्यापीठं सापडतील, जाडजूड ग्रंथ सापडतील. सापडलं ते असं: परदेशातल्या एका बाईनं दिवाणसाहेबांना उशीवर भरतकामात काढलं होतं. साताऱ्याकडच्या एका मसालेवाल्यानं त्यांना कांदा-लसूण चटणीच्या पाकिटावर बसवलं होतं. एका केशकर्तनालयानं 'अशा मिशा कोरून मिळतील' म्हणून दारावर लावलं होतं. बाकी सगळे मेलेले. आमच्याच तालुक्यातले. मोजता मोजता मॅडम दमल्या.

त्यांनी एकेक कागदावर छापून भिंतीला चिकटवायला सुरुवात केली. "मावशी, तुम्ही फक्त कोण कुठला ते सांगा." नावं त्या वाचायच्या. मी चाळिशीनंतर वाचायला शिकले. मी एकेक अक्षर लावत बसले असते तर तेवढ्यात आणखी एखादा गेला असता. मी चेहरा बघायची आणि सांगायची. हा मारुती भंडलकर, बँडमध्ये पिपाणी वाजवायचा. हा गेनबा, याची गिरणी होती. हा माझा चुलत दीर, याला वाघ शोभतो, बायकोवर असाच डोळे वटारायचा.

संध्याकाळपर्यंत भिंत भरली. एकच अंग, एकच शेला, एकच वाघ, आणि वर नाना तऱ्हेची तोंडं. काही हसरी, काही बिनदाताची, एक तर चष्म्यातून तिरकं बघणारं. त्या भिंतीसमोर उभ्या राहून मॅडम आधी गालात हसल्या, मग खुर्चीवर बसून रडायच्या बेताला आल्या.

"मावशी, हे दाखवू मी सोमवारी?"

"दुसरं काही हाय का?"

"उशी आहे."

आम्हा दोघींच्या मागून आवाज आला, "काय चाललंय?"

आबासाहेब दारात उभे होते. सत्तरीचा ताठ माणूस, पांढरा सदरा, हातात गाडीची किल्ली. सोमवारी येणारा माणूस गुरुवारीच आला होता. ते भिंतीजवळ गेले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तांबोळी, हे काय आहे?"

"वापर आहे सर."

"कशाचा?"

मॅडमचा आवाज पार खाली गेला. "तुमच्या पणजोबांचा."

आबासाहेबांनी एका कागदावर बोट ठेवलं. "हे गृहस्थ कोण?"

"सौदागर मेटकरी," मी म्हणाले. "शेळ्यांचे व्यापारी."

"आणि हा?"

"पिपाणीवाला."

"पिपाणीवाला! माझ्या पणजोबांच्या अंगावर?"

"अंगावर नाही साहेब, अंगात."

मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं, की मी फडकं घेऊन टेबल पुसायला लागले. टेबल पुसलेलंच होतं.

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एकच नाव होतं, अंबिका फ्लेक्स, आणि फोन नंबर. भागवत खटकाळेचं, म्हणजे आमच्या भागूचं दुकान. तो आपलं प्रत्येक काम जाहिरातीसाठी इंटरनेटवर चढवायचा, म्हणून तर संगणकाला ते सगळे मेलेले एका दमात सापडले होते.

"कुठं आहे हे दुकान?" आबासाहेबांनी विचारलं.

"बाजार समितीच्या मागं," मी म्हणाले.

"चला. आत्ता. त्याला मी कोर्टात उभा करतो. आणि तांबोळी, सोमवारची वाट बघायचं कारण उरलेलं नाही. सगळी चित्रं खाली उतरवायची. ठराव मीच मांडतो."

मॅडमनी पर्स उचलली.

भागूच्या दुकानात मशीन खडखडत होतं आणि रंगाचा वास नाकात बसत होता. भागू स्टुलावर बसून संगणकात कुणाचा तरी गळा कापत होता. गोल, सावकाश, पेरू कापावा तसा.

"या आत्ती," तो मला म्हणाला. मागं आबासाहेब दिसल्यावर उठून उभा राहिला. "साहेब, तुम्ही? कोण गेलं?"

"कोणी गेलेलं नाही. हे चित्र तू कुठून आणलंस?"

"दिवाण व्हय? इंटरनेटवरनं. संग्रहालयाचं हाय. खाली लिहिलंय की, सगळ्यांना मोकळं म्हणून."

"ते दिवाण माझे पणजोबा होते."

"आरं तिच्या मायला," भागू मनापासून म्हणाला. "लई उपकार झाले साहेब त्यांचे. असलं अंग परत न्हाई. बघा की, मान कशी सरळ, अंधारउजेड दोन्हीकडनं सारखा. कुणाचंबी डोकं बसतंय."

मॅडम मधे पडल्या. "अहो, वापरायला हरकत नाही. पण संग्रहालयाचं नाव टाकायचं असतं. तुम्ही ते एकदाही टाकलेलं नाही."

"कुठं टाकू मॅडम? शोकाकुलमध्ये?"

"तांबोळी!" आबासाहेब ओरडले. "इथं नावाचा प्रश्न नाही! हा माणूस माझ्या पणजोबांचं मुंडकं उडवतोय!"

"मग काय करू साहेब?" भागूचा आवाज जरा चढला. "लोक येतात. बाप गेलेला असतोय. फोटो असतोय आधार कार्डावरचा. त्यात माणूस पोलिसानं धरून आणल्यासारखा दिसतोय. पोराला वाटतं, बाप चौकात लागणार, जरा बरा दिसावा. एक दिवस बसू द्या की खुर्चीत."

तेवढ्यात दारात दोघं बहीणभाऊ आले. आमच्याच बाजूचे, शेरेवाडीचे. भाऊ तिशीचा, डोक्यावर टॉवेल. बहीण त्याच्याहून थोरली, डोळे सुजलेले. त्यानं संगणकावर दिवाणसाहेब पाहिले, मग आबासाहेबांचा लालबुंद चेहरा पाहिला, आणि चपला काढून हळूच जवळ गेला.

"तुमचे कोण?" त्यानं आबासाहेबांना विचारलं.

"पणजोबा," आबासाहेब म्हणाले.

"अरारा. कशानं गेले?"

मी तोंडाला पदर लावला. त्या बिचाऱ्यानं त्यांच्या दंडावर हात ठेवला. "वय झालं असंल. पण मागं माणसं असली की बरं. आमची आई गेली. आज चौथा दिवस."

या वाक्यानंतर ओरडणं आबासाहेबांना जमलं नाही. ते बाजूला झाले. भागूनं बहिणीला स्टूल दिलं.

"फोटो आणलाय का?"

"न्हाई," बहीण म्हणाली. "एकबी न्हाई. आधारबी कधी काढलं न्हाई."

"लग्नातला?"

"माझ्या लग्नात सगळ्यांचे काढले. ती चुलीपाशी होती. नंतर काढू म्हणाली."

"बरं. आईचा तोंडवळा कुणात आलाय?"

भावानं बहिणीकडं बोट केलं. भागूनं मोबाइलवर तिचा फोटो घेतला आणि संगणकात चढवला. मग एक दुसरं चित्र उघडलं. तेही आमचंच होतं. पागेतल्या तिसऱ्या दालनात ते लागलेलं असतं. जोत्यावर बसलेली, पदर डोक्यावरून घेतलेली एक बाई, मांडीवर दोन्ही हात, मनगटात कडी, आणि हातावर मनगटापासून वर चढत गेलेली गोंदणाच्या ठिपक्यांची वेल. खाली पाटी आहे, 'धनगर स्त्री. नाव अज्ञात.' मी धनगराचीच, आमच्या जुन्या बायकांच्या हातावर असंच गोंदण असायचं. रोज तिची काच पुसायची.

"बायकांना हीच," भागू मला म्हणाला. "तालुक्यातल्या सगळ्या आया हिच्यावरच बसवल्यात."

त्यानं बहिणीचा चेहरा तिच्यावर बसवला. केस पांढरे केले. गाल थोडे आत घेतले. डोळ्यांखाली रेघा ओढल्या.

"कुंकू मोठं लावायची ती," बहीण म्हणाली. "अजून मोठं. हां. आणि नाक माझ्यासारखं नव्हतं, जरा बसकं. बसलं की. आता ओठ. ओठ मिटून धरायची, सारखं काहीतरी बोलायचं राहिल्यासारखं."

भागूनं ओठ मिटले.

भाऊ पडद्याकडं बघत उभा होता. त्यानं डोक्यावरचा टॉवेल काढून तोंडावर धरला आणि त्यातूनच म्हणाला, "ये आये."

मी आबासाहेबांकडं बघितलं. ते भागूच्या मागच्या रंगाच्या डब्यांवर बसले होते. पांढऱ्या सदऱ्याला निळा रंग लागला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

"एकसुद्धा फोटो नव्हता?" त्यांनी त्या बाईला विचारलं.

"कोण काढणार वो?" ती म्हणाली.

आबासाहेबांनी आम्हाला गाडीतून परत आणलं. पागेशी उतरताना मॅडम म्हणाल्या, "सर, ठराव..." आबासाहेबांनी हात हलवला आणि गाडी घेऊन गेले. मॅडमनी त्या रात्री घरी फोन करून सांगितलं, की मी बहुतेक परत येतेय. तिकडून काय ऐकून घेतलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या टेबलाचे खण रिकामे करायला घेतले.

शनिवारी दुपारी, जेवायच्या सुट्टीत, आबासाहेब एकटेच आले. मी पायरीवर भाकरी खात होते. उठायला लागले तर म्हणाले, "बसा, बसा सोजराबाई." आणि चक्क उभ्यानंच घुटमळले. दिवाणसाहेबांचा पणतू माझ्यासमोर घुटमळतोय म्हटल्यावर मी भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली.

"तो भागवत. त्याला इथं बोलावता येईल? दुकानात नको. दुकानात माणसं असतात."

"कशासाठी साहेब? कोर्टाचं का?"

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. आत एका तरुण बाईचा फोटो होता, पाठीवर लांब वेणी, जरा हट्टी हनुवटी. "या माझ्या अक्कासाहेब. इंदूरला असतात. हा त्यांच्या पंचविशीतला." मग म्हणाले, "आमच्याकडे गोषा होता. परका माणूस कॅमेरा घेऊन आत जाणं शक्य नव्हतं. पणजोबांचे अकरा फोटो आहेत. घोड्यांचे आहेत. त्या वाघाचा वेगळा आहे. आईसाहेबांचा नाही. मी चार वर्षांचा होतो त्या गेल्या तेव्हा."

मी भागूला फोन लावला. तो लॅपटॉप घेऊन आला. येताना आंघोळ करून, केसांना तेल लावून आला होता, जणू पोरगी बघायला आलाय. मॅडमनी दार लावून घेतलं. त्यांनी संग्रहातली बायकांची सगळी चित्रं काढून दाखवली. फार नव्हतीच. नाचणारणी होत्या, पाणी भरणाऱ्या होत्या, पण नीट समोर बघून बसलेली एकच.

"हीच घ्यावी लागंल," भागू म्हणाला. "चालंल का साहेब? म्हणजे ही..." त्यानं माझ्याकडं बघितलं.

"चालेल," आबासाहेब म्हणाले. "करा."

अक्कासाहेबांचा चेहरा धनगर बाईच्या खांद्यांवर बसला. भागूनं लुगड्याला शालूचा रंग दिला, काठ जरीचे केले, नाकात मोत्यांची नथ घातली, गळ्यात चिंचपेटी. जोत्याच्या जागी त्यानं दिवाणसाहेबांची खुर्ची सरकवली. वाघही आणला होता, पण आबासाहेब म्हणाले, "वाघ नको. घाबरायच्या त्या." मग तेच गोंधळून म्हणाले, "असं मला वाटतं."

"आता हे हातावरचं गोंदण पुसून टाकतो," भागू म्हणाला. "मोठ्या घरच्या बायका एवढं गोंदत नसत्या."

"थांब."

भागूचा हात थांबला.

आबासाहेब पडद्याच्या इतके जवळ गेले, की त्यांच्या श्वासानं काच धुरकट झाली. त्यांनी त्या हातावरच्या ठिपक्यांवर बोट टेकवलं, आणि एकेका ठिपक्यावरून ते वर सरकवत कोपरापर्यंत नेलं.

"हे होतं," ते म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "सर, पण हे तर मूळच्या बाईचं..."

"होतं म्हणतोय ना मी. हेच. मी या हातावर डोकं ठेवून निजायचो. झोप येत नसली की बोटानं असं वर जायचं आणि परत खाली यायचं. कडीसुद्धा होती. गालाला गार लागायची." त्यांचं बोट परत खाली आलं. "विसरलो होतो मी. सत्तर वर्षं विसरलो होतो. पुसू नकोस भागवत."

भागूनं माझ्याकडं बघितलं. मी राहू दे म्हणून मान हलवली. त्यानं गोंदण राहू दिलं.

सोमवारच्या बैठकीत आबासाहेबांनी विचारलं, "वापराचा आकडा काय?" मॅडमनी सांगितला. "चांगला आहे," ते म्हणाले, "पुढचा विषय घ्या." कुणीतरी विचारलं, की वापर नेमका कोण करतं. आबासाहेब म्हणाले, "तालुक्यातले लोक करतात. आणखी कोणी करायला हवा होता?" मॅडमचं कंत्राट वाढलं. आणि संग्रहालयाचं नाव टाकायचं मॅडमचं सांगणं भागूनं मनावर घेतलं. त्यानंतर आमच्या गावात जो कोणी मेला, त्याच्या फ्लेक्सवर शोकाकुलमध्ये नातेवाइकांच्या खाली 'व करवडी संग्रहालय' असं यायला लागलं. लोक मला वाटेत थांबवून विचारायचे, "तुमच्या हाफिसला एवढं वाईट वाटलं व्हय?"

मार्गशीर्षात आईसाहेबांची पुण्यतिथी होती. आम्हा दोघींनाही बोलावणं आलं. दिवाणखान्यात दिवाणसाहेबांच्या शेजारी मोठ्या सोनेरी चौकटीत तो फोटो लावला होता. अक्कासाहेब इंदूरहून आल्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत. फोटोसमोर उभ्या राहून त्यांनी डोळे बारीक केले.

"अरे आबा, ही तर मीच!"

"तुमच्यात आईसाहेबांचा तोंडवळा आलाय, अक्कासाहेब."

"आणि हातावर हे काय? आईसाहेबांच्या हातावर असलं काही नव्हतं."

"होतं," आबासाहेब म्हणाले. "तुम्ही मोठ्या होता, तुम्हाला वेगळं निजवायचे. मला आठवतंय."

अक्कासाहेब बोलायला गेल्या. पण आबासाहेब त्या चौकटीकडं असे बघत होते, की त्यांनी ओठ मिटले. थोड्या वेळानं त्या पुढं झाल्या आणि त्यांनी फोटोला हार घातला.

परत येताना मॅडमनी मला विचारलं, "मावशी, खरं सांगा. एवढ्या मोठ्या घरातल्या बाईच्या हातावर असलं गोंदण असेल?"

"होतं की."

"आईसाहेबांच्या?"

"त्यांच्या कसं असंल?" मी म्हणाले. "रणनवऱ्यांची पोरं सांभाळायला बाई कायम आमच्या धनगरवाड्यातनं जायची. दूध पाजण्यापासनं निजवण्यापर्यंत सगळं तिच्याच हातात."

मॅडम रस्त्यातच थांबल्या. "मग त्यांना सांगायला नको?"

"काय सांगायचं? हात बरोबर ओळखलाय त्यांनी."